गोलरक्षक कोण, ते कळेपर्यंत

एनएचएल या उत्तर अमेरिकेतल्या बर्फावरच्या हॉकी लीगमधल्या संघांचा सामन्याच्या दिवशी सकाळी हलका सराव असतो, आणि त्या सरावात जो गोलरक्षक आधी बर्फावरून उतरतो तोच बहुतेक वेळा रात्री गोलात उभा राहतो. ही कोणी लिहून ठेवलेली रीत नाही, पण काचेपलीकडे उभे असलेले वार्ताहर याच खुणेवर नजर ठेवून असतात. त्यांच्यापैकी कोणी ‘अमुक आधी उतरला’ एवढी एक ओळ लिहिली की पुढच्या काही मिनिटांत पैजांचे भाव हलतात. दुपारी कार्यालयात डबा उघडण्याआधी मी ती ओळ शोधते. ज्या दिवशी ती सापडत नाही, त्या दिवशी मी पैज लावत नाही. दोन हंगामांच्या आकडेमोडीतून माझ्या हाती लागलेला हा एकच नियम असा आहे की तो मोडल्याचा मला प्रत्येक वेळी पश्चात्ताप झाला.

मी टोरांटोजवळ मिसिसागा येथे राहते आणि विम्याच्या दाव्यांचे हिशेब तपासते. कॅनडात एकाच सामन्यावर पैज लावणे ऑगस्ट २०२१ मध्ये कायदेशीर झाले. त्याआधी सरकारी लॉटरीच्या पैजेत एकाहून अधिक सामन्यांचे निकाल एकत्र ओळखावे लागत. ४ एप्रिल २०२२ पासून ऑन्टारिओत खासगी कंपन्यांनाही परवाने मिळाले आणि तेव्हापासून हॉकीच्या प्रक्षेपणात जाहिरातींचा असा पाऊस पडतो की कधीकधी खेळ मध्ये आल्यासारखा वाटतो. महाराष्ट्रात १८८७ च्या जुगार प्रतिबंधक कायद्याखाली हा गुन्हा ठरेल, तेव्हा तिकडच्या वाचकांनी हे केवळ आकड्यांचे लेखन म्हणून वाचावे. माझी पैज वीस डॉलरची असते, त्याहून मोठी मी कधीच लावलेली नाही, आणि हंगामाची एकूण रक्कम ऑक्टोबरमध्येच घरच्या हिशेबात वेगळी काढलेली असते.

विम्यातल्या माणसाला पैजेचा भाव वाचायला फार शिकावे लागत नाही, कारण दोन्हीकडे धोक्याच्या किमतीवर व्यवस्थापनाचा खर्च आणि नफा चढवलेला असतो. दोन्ही बाजूंना १.९१ असा भाव असेल, म्हणजे जिंकल्यास एका डॉलरचे मूळ डॉलर धरून १.९१ परत मिळणार असतील, तर प्रत्येक बाजूची संभाव्यता ५२.४ टक्के धरली आहे असा त्याचा अर्थ होतो आणि दोन्हींची बेरीज १०४.७ भरते. ते वरचे पावणेपाच टक्के कंपनीचे. अर्थात नुसते बरोबरीत राहायचे म्हटले तरी शंभरातल्या त्रेपन्न पैजा जिंकाव्या लागतात. हा उंबरठा ओलांडायला सर्वांत सोपा मार्ग म्हणून बहुतेक नवखे लोक गोलरक्षकाच्या बचावाच्या टक्केवारीकडे वळतात. मीही वळले होते.

ही टक्केवारी म्हणजे गोलावर आलेल्या फटक्यांपैकी किती अडवले त्याचे प्रमाण. २०१४-१५ च्या सुमारास लीगची सरासरी ९१.५ टक्क्यांच्या आसपास होती; दहा वर्षांनी ती ९० वर आली आहे, त्यामुळे एके काळी ज्या आकड्याला सुमार म्हटले जाई त्यावर आज गोलरक्षकाची जागा पक्की राहते. पण खरी अडचण सरासरीची नाही. एका सामन्यात गोलरक्षकासमोर तीसेक फटके येतात, आणि प्रत्येक फटका अडेल की न अडेल हे अंशतः नशिबावर सोडले, तर केवळ योगायोगाने त्या रात्रीची टक्केवारी पाच-साडेपाच टक्क्यांनी वरखाली होऊ शकते. म्हणजे ९० टक्क्यांचा माणूस एखाद्या रात्री ९५ चा दिसणे किंवा ८५ चा दिसणे यात काहीच विशेष नाही. पन्नासएक सामने, दीड हजार फटके एवढा पूर्ण हंगाम घेतला तरी हा योगायोग सुमारे पाऊण टक्क्याचा उरतोच. लीगमधल्या नियमित गोलरक्षकांपैकी बऱ्याच जणांमधले अंतर याच पाऊण-एक टक्क्यात मावते. आपण ज्याला ‘या वर्षी चांगला फॉर्म आहे’ म्हणतो त्यातला पुष्कळसा भाग हा गोंगाट असतो, हे मला कागदावर मांडून पाहिल्याशिवाय पटले नव्हते.

याचे उत्तम उदाहरण ओटावाचे आहे. फेब्रुवारी २०१५ मध्ये हा संघ बाद फेरीच्या जागेपासून चौदा गुणांनी मागे असताना, नियमित गोलरक्षक जखमी असल्यामुळे अँड्र्यू हॅमंड नावाचा फारसा कोणाला ठाऊक नसलेला गोलरक्षक उभा राहिला. त्या हंगामातल्या २४ सामन्यांत त्याने २० विजय मिळवले, निर्धारित वेळेत केवळ एक सामना गमावला आणि ९४.१ टक्के फटके अडवले. प्रेक्षक आनंदाने बर्फावर हॅम्बर्गर फेकू लागले, संघ बाद फेरीत पोहोचला. तिथे मॉन्ट्रिऑलविरुद्ध दोन सामने गमावल्यावर हॅमंडच्या जागी जुना गोलरक्षक परतला, आणि पुढच्या वर्षी हॅमंडची टक्केवारी ९१.४ वर, म्हणजे सरासरीजवळ, आली. त्याला एकाएकी खेळता येईनासे झाले होते असे नव्हे. सातशेएक फटक्यांवर ९४ टक्के ही एका माणसाच्या वाट्याला क्वचितच येणारी गोष्ट आहे, पण लीगमध्ये दरवर्षी ऐंशीहून अधिक गोलरक्षक खेळतात, तेव्हा त्यातल्या कोणाला तरी अधूनमधून अशी लॉटरी लागणारच. पैज लावणाऱ्याला मात्र ज्याला लागली तेवढाच दिसतो.

दुसरी गोम अशी की गोलरक्षकाचा म्हणून छापलेला आकडा बराचसा त्याच्या संघाचा असतो. हे मला कोणत्याही सूत्रापेक्षा २२ फेब्रुवारी २०२० च्या रात्रीने अधिक चांगले शिकवले. कॅरोलायनाचे दोन्ही गोलरक्षक टोरांटोत सामना सुरू असताना जखमी झाले आणि नियमाप्रमाणे, अशा प्रसंगासाठी स्टेडियममध्ये बसवून ठेवलेल्या हौशी राखीव माणसाला उतरवावे लागले. हा माणूस म्हणजे बेचाळीस वर्षांचा डेव्हिड एअर्स. तो टोरांटोच्याच संघांच्या सरावाला उभा राहत असे, बर्फ सारखे करणारे झांबोनी यंत्र चालवत असे, आणि त्याचे मूत्रपिंडाचे प्रत्यारोपण झालेले होते. पहिले दोन फटके सरळ आत गेले. आघाडी ४-३ इतकी अरुंद झाली. त्यानंतर कॅरोलायनाच्या खेळाडूंनी टोरांटोला गोलाकडे येऊच दिले नाही: जवळजवळ एकोणतीस मिनिटांत त्याच्यासमोर फक्त दहा फटके आले, त्यातले आठ त्याने अडवले आणि संघ ६-३ ने जिंकला. ऐंशी टक्के ही कोणत्याही मापाने वाईटच टक्केवारी, पण विजय त्याच्या नावावर नोंदला गेला. आमच्या घरात त्या रात्री पिठलं करपलं एवढ्यावरून सामना किती रंगला होता ते समजावे.

म्हणून मी आधी संघाचे आकडे पाहते आणि गोलरक्षकाचे नंतर. संघाच्या आकड्यांतला सर्वांत जुना म्हणजे कोर्सी. बफेलोचे गोलरक्षक प्रशिक्षक जिम कोर्सी आपल्या गोलरक्षकावर किती ताण येतो हे मोजण्यासाठी गोलावरचे, चुकलेले आणि मध्येच अडवले गेलेले, असे सगळे फटके मोजत. गोलरक्षकाचे श्रम मोजायला निघालेला हा आकडा पुढे पक, म्हणजे या खेळात चेंडूच्या जागी असलेली रबरी चकती, कोणत्या संघाच्या ताब्यात अधिक राहतो याचे माप झाला. त्याच्या पुढची पायरी म्हणजे अपेक्षित गोल. प्रत्येक फटक्याचे अंतर, कोन, प्रकार, तो उसळून आलेल्या पकवर मारला का, यांवरून त्याचा गोल होण्याची शक्यता काढायची आणि बेरीज करायची. या बेरजेतून गोलरक्षकाने प्रत्यक्ष दिलेले गोल वजा केले की त्याने अपेक्षेपेक्षा किती गोल वाचवले ते कळते, आणि कच्च्या टक्केवारीपेक्षा हा आकडा निश्चितच न्याय्य आहे. मात्र लोकांना खुल्या असलेल्या नोंदींत फटक्याआधीचा पास लिहिलेला नसतो, गोलरक्षकाच्या डोळ्यांसमोर कोण उभे होते हेही नसते. बर्फाच्या एका कडेवरून दुसऱ्या कडेला आलेल्या पासवरचा फटका आणि समोरून दिसत आलेला फटका यांत जमीनअस्मानाचा फरक असतो, पण गणिताला दोन्ही सारखेच दिसू शकतात. शिवाय आघाडीवर असलेला संघ मागे सरकून बसतो आणि मागे पडलेला फटक्यांचा मारा करतो, त्यामुळे धावफलकाची स्थिती लक्षात न घेता फटके मोजले तर हरणारा संघच वरचढ वाटू लागतो.

एवढे सगळे जमवूनही हा खेळ हातातून निसटतो. २०२२-२३ मध्ये बॉस्टनने ६५ सामने जिंकून १३५ गुण मिळवले; हे दोन्ही आकडे लीगच्या इतिहासातले विक्रम. त्यांच्या लायनस उल्मार्कने ९३.८ टक्के फटके अडवून सर्वोत्तम गोलरक्षकाचा वेझिना करंडक मिळवला. पहिल्याच फेरीत फ्लोरिडाविरुद्धच्या सात सामन्यांच्या मालिकेत ३-१ अशी आघाडी घेऊन हा संघ ४-३ ने बाद झाला. २०२४-२५ मध्ये विनिपेगचा कॉनर हेलेबक ९२.५ टक्क्यांसह वेझिना आणि सर्वोत्तम खेळाडूचा हार्ट करंडक असे दोन्ही घेऊन गेला, पण त्याच वर्षी पहिल्या फेरीत सेंट लुइसमध्ये झालेल्या तिन्ही सामन्यांत त्याला मध्येच बाहेर बसवावे लागले. विनिपेग ती मालिका सातव्या सामन्यात जादा वेळेत कशीबशी जिंकले.

मग गोलरक्षकाला काही किंमत आहे की नाही? आहे, पण ती मोजून द्यावी लागते. दोन गोलरक्षकांच्या खऱ्या क्षमतेत एका टक्क्याचे अंतर मानले, तर तीस फटक्यांवर ते ०.३ गोल होते. हंगामभरात साधारण सहा गोलांचा फरक म्हणजे एक विजय, हा ढोबळ ठोकताळा धरला तर ०.३ गोल म्हणजे त्या रात्रीच्या विजयाच्या शक्यतेत पाच टक्के. मुख्य गोलरक्षकासह ज्या संघाचा भाव १.६७ आहे, त्याचा राखीव गोलरक्षकासह १.८२ च्या आसपास असायला हवा. आणि तो तसा होतोही, काही मिनिटांत. लागोपाठ दोन रात्री सामने असले की दुसऱ्या रात्री बहुधा राखीव उभा राहतो, हे वेळापत्रक वाचणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असते. त्यामुळे ती माहिती भावात आधीच मुरलेली असते. तुमच्याकडे उरतो तो फक्त बातमी येण्याआधीचा अंदाज.

असाच अंदाज करून मी एका मंगळवारी सकाळी आठ वाजता, लोकलसारख्या भरलेल्या गो ट्रेनमध्ये उभ्याउभ्या, १.९५ च्या भावाने पैज लावून मोकळी झाले. सकाळच्या सरावात अपेक्षित गोलरक्षकच आधी उतरला, दुपारी भाव १.८५ वर आला आणि मी स्वतःवर खूश होते. संध्याकाळी सामन्याआधीच्या वॉर्म-अपमध्ये त्याच्या मांडीला काहीतरी झाले आणि राखीव उभा राहिला. सामना ५-२ ने गेला. साताऱ्याहून आलेले माझे सासरे शेजारी बसून पाहत होते. सगळी हकिगत ऐकून ते म्हणाले, “म्हणजे टॉस व्हायच्या आधी आणि अकरा जण कळायच्या आधी पैसे लावलेस. मग मांडीला कशाला बोल लावतेस, सूनबाई?”

याहून चमत्कारिक नुकसान रिकाम्या गोलाचे होते. शेवटच्या दीड-दोन मिनिटांत एका गोलाने मागे असलेला संघ गोलरक्षकाला बाहेर काढून सहावा आक्रमक उतरवतो. तेव्हा पडलेला गोल गोलरक्षकाच्या खाती जात नाही, त्याच्या टक्केवारीला धक्का लागत नाही, पण एकूण गोलांच्या पैजेत तो पुरेपूर मोजला जातो. दोन्ही गोलरक्षकांचे उत्तम आकडे पाहून मी एकूण गोल साडेपाचपेक्षा कमी होतील अशी पैज लावलेली, धावफलक ३-२, दोघेही अपेक्षेबरहुकूम खेळलेले, आणि सतरा सेकंद उरले असताना मध्यरेषेपलीकडून कोणीतरी ढकललेला पक सरपटत रिकाम्या जाळ्यात गेला. पकचा वेग इतका कमी होता की तो पोहोचेपर्यंत मला हिशेब करायला वेळ मिळाला.

माझ्या वहीत दोन हंगामांत १४८ पैजा आहेत, जवळजवळ सगळ्या १.९१ च्या आसपासच्या भावाच्या. त्यांतल्या ७७ जिंकल्या, म्हणजे ५२ टक्के, आणि एकूण तोटा सुमारे एकोणीस डॉलर. गोलरक्षकांना लावले तेच गणित स्वतःला लावले तेव्हा दिसले की १४८ पैजांत केवळ योगायोगाने माझी टक्केवारी चार टक्क्यांनी इकडेतिकडे होऊ शकते. मी ५६ ची हुशार असेन किंवा ४८ ची अडाणी, वहीतून ते सांगता येत नाही. माझी खरी क्षमता ५४ टक्के आहे आणि ती बरोबरीच्या उंबरठ्यापेक्षा वर आहे असे खात्रीने म्हणायला सुमारे चार हजार पैजा लागतील. माझ्या वेगाने पन्नासहून अधिक हंगाम. या ऑक्टोबरपासून मी त्यामुळे वहीत आणखी एक रकाना आखला आहे: मी पैज लावली तेव्हाचा भाव आणि सामना सुरू होतानाचा भाव यांतले अंतर. जिंकणे-हरणे यापेक्षा हे अंतर फार कमी पैजांत काहीतरी सांगू लागते. आतापर्यंतच्या अकरा नोंदींत सात माझ्या बाजूने आहेत. अकरा म्हणजे काहीच नाही, हे मला माहीत आहे, आणि तरीही मी तो आकडा रोज उघडून पाहते.