टेबल सॉचं चाकवालं कॅबिनेट: चार चाकं काढली, दोनवर आलो

मंडळी, कॅबिनेट झालं एकदाचं. म्हणजे झालं म्हणायचं, दोन ड्रॉवरचे फ्रंट अजून लागले नाहीत आणि पॉलिशचा तर पत्ताच नाही, पण सॉ (पाटातून फिरतं ब्लेड वर येतं ती करवत) त्याच्यावर बसली, लाकूड कापून राहिली, आणि एकटा माणूस ते ढकलू शकतो. मे महिन्यात सुरू केलेलं काम नोव्हेंबरात इथवर आलं, मधात पेरणी, डवरणी, फवारणी सगळं होतं त्यामुळं हसू नका.

नवीन लोकांसाठी थोडक्यात. गाव हिंगणघाट तालुक्यात, वर्कशॉप म्हणजे घरामागचा गोठा, बैलजोडी विकली तेव्हापासून रिकामा, दहा बाय सोळा. सॉ दहा इंची जॉबसाइटवाली, म्हणजे उचलून नेता येते अशी, १८०० वॅटची. आठ महिने ती दोन ड्रमांवर फळी टाकून वापरली, कशी वापरली ते विचारू नका.

बहुतेक लोक जागा कमी म्हणून चाकवालं कॅबिनेट बनवतात, माझं कारण कापूस. सीतादही (वेचणीआधीची शेतातली पूजा) झालं की वेचा, म्हणजे कापूस वेचणी, सुरू, मग भाव येईपर्यंत कापूस घरात, घरात मावला नाही की गोठ्यात, अर्धा गोठा पाटनीपर्यंत पांढरा. त्याच्या शेजारी सॉ चालवायची हिंमत माझ्यात नाही. या मोटरीत कार्बन ब्रश असतात, ते आत बारीक ठिणग्या पाडतच असतात, अंधारात जाळीतून दिसतात सुद्धा, वर जुन्या लाकडात खिळा निघाला तर ब्लेडखालची ठिणगी वेगळी. म्हणून नोव्हेंबर ते फेब्रुवारी सॉ पडवीत, बाकी दिवस गोठ्यात. मधात अंगण, एक उंबरा, आणि गोठ्याची ती फरशी, जी आजोबांनी मुद्दाम उताराची घातली होती, बैलांचं मूत वाहून जावं म्हणून. या उतारानं पुढं माझं काय केलं ते सांगतोच.

आधी प्लायची फजिती. १८ एमएमच्या दोन शीट छोट्या हत्तीत टाकून आणल्या, एक शीट जवळपास पस्तीस किलोची. कागदावर हिशोब लय सुंदर केला होता, १२२० च्या रुंदीत ३०५ च्या चार पट्ट्या, एक मिलिमीटर वाया नाही. ब्लेडची जाडी धरलीच नाही! तीन काप, प्रत्येक काप तीन एमएम खातो, शेवटची पट्टी २९६ भरली. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला की इतकी वर्षं आरामशीनवर भुश्याचे ढीग पाहून राहिलो, तो भुसा कोणाच्या तरी मापातूनच जातो ना. ती पट्टी मधल्या आडव्या कप्प्याला वापरली. दुसरं, १८ चं प्लाय कॅलिपरनं मोजलं तर १७.३ भरलं. खाचा १८ च्या पाडल्या असत्या तर सगळं खुळखुळलं असतं. खाच पाडायच्या आधी हातात असलेला तुकडाच मोजा, दुकानदाराच्या बिलावरचा आकडा नाही.

आता चाकं. टेबलाची उंची मला ९०० एमएम पाहिजे होती, सॉ स्वतः ३३० ची. चार इंची फिरती चाकं घेतली, ब्रेकवाली, चारचे १४०० रुपये, प्लेटपासून जमिनीपर्यंत १३० एमएम. म्हणजे खाली सामानाला उरले ४४०, त्यातून वरखालचं प्लाय वजा करा. एवढा खटाटोप करून दोन ड्रॉवर! तरी लावली चाकं, उभं केलं, आणि गोठ्यात नेलं तर एक चाक हवेत. फिरवलं तर दुसरं हवेत. ब्रेक दाबून एक लांब सागवानी पट्टी चिरायला घेतली तर कॅबिनेट माझ्यासमोर टुकटुक करून राहिलं, आणि ब्रेक चाकाला लागतो हो, पण वरचा फिरता कप्पा हलतो तो हलतोच. दहा इंची ब्लेड ४३०० आरपीएमनं फिरलं की दाताचा वेग ताशी २०० किलोमीटरच्या वर जातो, त्याच्यासमोर टेबल हललं, लाकूड ब्लेडच्या मागच्या दातांवर तिरपं झालं, की ते सरळ तुमच्या पोटावर येते. मी अर्ध्यातच बंद केली. अंगणात तर त्याहून मजा, मुरुमात चाकं रुतली, उंबऱ्याशी तिघं लागले.

चार दिवस डोकं लावलं. पाचर, लेव्हलिंग, पायानं दाबायचं लिव्हर, सगळे व्हिडिओ पाहिले. शेजारचे मामा रोज संध्याकाळी सुपारी कातरत येऊन बसतात, त्यांनी एवढंच विचारलं, "काऊन रे, बंडीले चार चाकं पाह्यले काय तू कधी?"

मी म्हटलं, मामा, बंडीला बैल असतात.

"मंग तू कोण होय?"

हसण्यावारी गेलं, पण रात्री झोप नाही. खरंच की. बंडी काळ्या मातीत, नाल्यात, बांधावर चालते कारण तिची चाकं दोन आणि मोठी, तिसरा आधार जुवाचा. उभी करायची तर जुवाखाली टेकू. मला पाहिजे ते हेच होतं, चालताना दोन चाकं आणि एक माणूस, कामाच्या वेळी चाकं जमिनीला नकोच.

तर आता असं आहे. कॅबिनेट ११५० लांब, ६०० रुंद. डाव्या बाजूला बाहेरून २० एमएमचा रॉड, त्यावर आठ इंची रबरी चाकं, वेल्डरनं ब्रॅकेटसकट ९०० रुपये घेतले. कॅबिनेट चार पायांवर उभं असतं, पाय म्हणजे १२ एमएमचे बोल्ट, प्लायमध्ये टी-नट (लाकडात ठोकून बसवायची आट्यांची नट) ठोकून, खाली रबराच्या चकत्या. त्या वेळी चाकं जमिनीच्या पाच एमएम वर असतात. उजव्या बाजूला बाभळीचे दोन दांडे, ते धरून दोन इंच उचललं की डाव्या बाजूची चाकं टेकतात आणि गाडी चालू. उंबरा तर आठ इंची चाकाला कळत पण नाही. आणि पाय फक्त ४० एमएमचे असल्यामुळं खाली ५३० उंची मिळाली, म्हणजे एक अख्खा ड्रॉवर फुकटात.

पहिल्या उचलीला कंबर बोलली मात्र. वेच्याचा लटकता काटा घरात असतोच, तो दांड्याला अडकवून वर ओढला, ४१ किलो. सगळं धरून कॅबिनेट ८४ किलोचं, निम्मं माझ्या हातात. मग सॉ चाकांकडं ३५० एमएम सरकवली (अशानं उजवीकडं काम करायला पाट पण मोठा मिळाला, हे आधी का सुचलं नाही कोण जाणे), आणि ब्लेड, क्लॅम्प, राउटर (लाकडात खाचा पाडायचं मशीन) असं जड सामान डाव्या ड्रॉवरमध्ये नेलं. परत काटा लावला, २९ किलो. दिवसात एकदा उचलायला काही वाटत नाही. आता उजवे ड्रॉवर सॅंडपेपर, मास्क, पेन्सिली, गुण्या असल्या हलक्या वस्तूंचे.

ड्रॉवरला १८ इंची टेलिस्कोपिक चॅनल. दोन्ही बाजूला साडेबारा ते तेरा एमएम जागा सोडावी लागते, म्हणून डबा मोकळ्या जागेपेक्षा २६ एमएम कमी करा. एक मी २४ कमी केला, तो ऑगस्टात पावसाळी हवेत असा अडकला की रंधा मारूनच निघाला. बंडीसारखीच गाडी असल्यामुळं नेताना ती तिरपी होते आणि ड्रॉवर समोरून उघडतात म्हणून घसरत नाहीत, तरी प्रत्येकाला एक लाकडी फिरकी लावली. घराच्या दाराला असते तीच.

भुसा हा वेगळा विषय आहे. या सॉला खालून बूड नसते, अर्धा भुसा सरळ खाली पडतो. मी आधी उतरता पाट ठरवला होता, पण भुसा नीट घसरायला ४५ अंश तरी उतार पाहिजे आणि तो उतार सगळी उंची खाऊन टाकते. सोडून दिलं. सॉच्या बरोबर खाली एक ड्रॉवर, आत सनमाइका, भरला की ओढायचा आणि ओतायचा. आईला चुलीसाठी सागाचा भुसा चालतो, पण प्लायचा मी देत नाही, त्यात गोंदाची केमिकलं असतात, धूर घरभर होईल. मागच्या पोर्टला व्हॅक्यूम लावतो, मधात वीस लिटरची रंगाची बादली सायक्लोन म्हणून, म्हणजे हवा आत गोल फिरते आणि भुसा बादलीतच पडतो. पहिली बादली पाइप चोंदल्याबरोबर आत चेपली, आता आतून प्लायची रिंग बसवली आहे.

वायरीचं पण सांगून ठेवतो. पडवी मीटरपासून पंचवीस मीटर, आधी एक स्क्वेअर एमएमचं एक्स्टेन्शन होतं, सॉ सुरू व्हायला कण्हायची. जाऊन-येऊन पन्नास मीटर तार, जवळपास ०.९ ओम, आठ अँपिअरला सात व्होल्ट तिथंच गेले, सुरुवातीच्या झटक्याला तर कितीतरी जास्त, आणि आमच्याकडं संध्याकाळी व्होल्टेज आधीच पडलेलं. अडीच स्क्वेअरची वायर आणि १६ अँपचा प्लग टाकला, फरक कानाला कळतो. आणि गावात राहत असाल तर हे नक्की तपासा, ब्लेड फिरत असताना लाइन गेली आणि तुम्ही पाटावरचं लाकूड काढून राहिले तेव्हाच परत आली तर काय होईल? माझ्या सॉचा स्विच लाइन गेली की स्वतःच पडतो. तुमचा पडतो का ते लाकूड न लावता, दूर उभं राहून, भिंतीवरचं बटण बंद-चालू करून पाहा. पडत नसेल तर आधी तो बदला, कॅबिनेट मागून होईल. आणि खांद्यावरचा दुपट्टा घरात ठेवून या, आमच्या बाबांना हे दर वेळी सांगावं लागतं.

गोठ्याच्या उतारावर पाच एमएमचं अंतर पुरलं नाही, उताराकडचे बोल्ट बारा एमएम बाहेर काढावे लागले. दर वेळी ते कोण मोजणार, म्हणून गोठ्यात आणि पडवीत पायांच्या जागी ऑइल पेंटचे गोल काढले आणि बोल्टवर दोन रंगाच्या खुणा केल्या, लाल गोठ्याची, निळी पडवीची. पान्यानं फिरवायचं, दोन मिनिटं.

परवा पहिला कापूस गोठ्यात पडला. त्याच्या आदल्या संध्याकाळी मी एकट्यानं सॉ पडवीत आणली, मामा बसूनच होते, उठले नाहीत.

राहिलं आहे ते मागचं आउटफीड, म्हणजे कापून मागं जाणारं लाकूड झेलायचा आधार. ४५० एमएमची फळी कब्ज्यांवर टांगली आहे, पण आठ फुटी पट्टी मागं लटकली की पुढचे पाय हलके होतात. फळीला घडीचा पाय द्यायचा का मागचे बोल्ट ऐंशी-शंभर एमएम बाहेर न्यायचे यावर अडलो आहे, बाहेर नेले तर पडवीच्या दारातून जाताना अडतील असं वाटते. कोणी केलं असेल तर फोटो टाका.