आरोग्यविम्यातील मध्यस्थ : नकार, नियम आणि क्वेरी

‘टीपीएने क्लेम नाकारला’ हे वाक्य रुग्णालयाच्या विमा कक्षासमोर इतक्या सहजपणे ऐकू येते की त्यात काही चूक असेल अशी शंकाही कोणाला येत नाही. वस्तुतः टीपीए, म्हणजे थर्ड पार्टी ॲडमिनिस्ट्रेटर, हा विमा कंपनी आणि रुग्णालय यांच्यामध्ये कागदपत्रे तपासणारा मध्यस्थ आहे आणि क्लेम नाकारण्याचा अधिकार त्याला नाही. भारतीय विमा नियामक आणि विकास प्राधिकरणाने, म्हणजे आयआरडीएआयने, या व्यवसायासाठी 2001 मध्ये पहिले विनियम केले आणि 2016 मध्ये ते नव्याने लिहिले. विमा कंपनीने आखून दिलेल्या निकषांनुसार क्लेम तपासावा आणि शिफारस करावी, एवढेच टीपीएचे काम आहे. नकार कळवायचा तो विमा कंपनीनेच, आणि तोही पॉलिसीतील नेमकी अट नमूद करून. पैसेही कंपनीकडून थेट रुग्णालयाला किंवा विमेदाराला जातात.

29 मे 2024 च्या आरोग्यविम्यावरील मुख्य परिपत्रकाने ही चौकट आणखी घट्ट केली. कंपनीच्या उत्पादन व्यवस्थापन समितीच्या किंवा तिच्यातील तीन सदस्यांच्या क्लेम पुनरावलोकन समितीच्या मान्यतेशिवाय कोणताही क्लेम फेटाळता येत नाही. त्यामुळे टीपीएच्या कर्मचाऱ्याने फोनवर ‘होणार नाही’ असे सांगितले, तर तेथेच न थांबता कंपनीचे लेखी पत्र मागावे. पुढे मुंबई किंवा पुण्याच्या विमा लोकपालाकडे जाण्याची वेळ आली, तर हेच पत्र हातात लागते.

माहितीच्या सुरक्षिततेबाबत भारतीय कायद्याचा कल असाच आहे. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानुसार माहिती कशासाठी वापरायची हे ठरवणारी संस्था मुख्यतः जबाबदार असते आणि काम दुसऱ्याकडे सोपवले म्हणून तिची सुटका होत नाही. सुरक्षेतील हलगर्जीपणासाठी 250 कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. सायबर हल्ला झाला तर सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेला 6 तासांच्या आत कळवण्याचे बंधन मात्र मध्यस्थाला स्वतःला चुकत नाही. अमेरिकेत 1996 च्या हिपा या आरोग्यविषयक माहिती जपणाऱ्या कायद्याने क्लेमची देवाणघेवाण करणाऱ्या क्लिअरिंगहाउसला थेट कायद्याच्या कक्षेत घेतले आहे. तरीही फेब्रुवारी 2024 मध्ये तेथील चेंज हेल्थकेअर या बलाढ्य मध्यस्थावर खंडणीखोरांचा सायबर हल्ला झाला. ज्या पोर्टलमधून हल्लेखोर आत शिरले, त्यावर पासवर्डखेरीज दुसरी कोणतीही पडताळणी नव्हती. देशभरातील रुग्णालयांची आणि औषधांच्या दुकानांची बिले अडकली आणि सुमारे 19 कोटी लोकांची माहिती धोक्यात आली. कायदा कडक असणे आणि तो रोजच्या कामात उतरणे या वेगळ्या गोष्टी आहेत, हे यापेक्षा स्पष्टपणे दाखवणारे दुसरे उदाहरण मला माहीत नाही.

आपल्याकडे हे अंतर सर्वाधिक जाणवते ते वेळेच्या नियमात. त्याच परिपत्रकानुसार कॅशलेसच्या विनंतीवर एका तासात निर्णय द्यायचा असतो आणि डिस्चार्जच्या वेळची अंतिम मंजुरी तीन तासांत द्यायची असते. उशिरामुळे रुग्णालयाने जादा आकारणी केली, तर ती रक्कम विमा कंपनीने भागधारकांच्या निधीतून भरायची असते. कागदावर ही तरतूद अत्यंत रुग्णस्नेही आहे. पण क्लेमच्या संगणकप्रणालींशी माझा रोजचा संबंध असल्यामुळे मला पडणारा प्रश्न निराळा आहे : क्वेरी टाकल्यावर घड्याळाचे काय करायचे?

क्वेरी म्हणजे ‘अमुक कागद द्या, मग पाहू’. आधी इनडोअर केस पेपर मागितले जातात, ते आले की जुन्या तपासण्यांचे अहवाल, मग इम्प्लांटचे स्टिकर. प्रत्येक मागणी आपापल्या जागी रास्त असू शकते, मात्र त्या एकामागून एक आल्या की सकाळी डिस्चार्ज मिळालेला रुग्ण संध्याकाळपर्यंत खाटेवरच राहतो. प्रणालीने प्रत्येक क्वेरीबरोबर घड्याळ पुन्हा शून्यावर आणले, तर महिनाअखेरच्या अहवालात सगळे क्लेम वेळेत निकाली निघालेले दिसतात आणि नियम पाळल्याचे समाधानही मिळते. अशा अहवालावर माझा विश्वास नाही. आवश्यक कागदपत्रे विमेदाराकडून न मागता रुग्णालयाकडून घ्यावीत, असे परिपत्रक सांगते. मग ती मिळवण्यात गेलेला वेळ रुग्णाच्या खात्यावर का टाकायचा?

या संदर्भात राष्ट्रीय आरोग्य प्राधिकरणाच्या नॅशनल हेल्थ क्लेम्स एक्स्चेंजकडून, म्हणजे एनएचसीएक्सकडून, मला काही आशा आहे. आज एकाच रुग्णालयाला प्रत्येक कंपनीच्या आणि टीपीएच्या वेगळ्या पोर्टलवर तीच माहिती पुन्हापुन्हा भरावी लागते. एक्स्चेंजवर हीच देवाणघेवाण एफएचआयआर या सामायिक मानकानुसार होते आणि वैद्यकीय मजकूर कूटबद्ध असल्यामुळे मधल्या व्यवस्थेला तो वाचता येत नाही. तिला दिसते ते संदेश कोणी, कोणाला आणि केव्हा पाठवला एवढेच. मध्यस्थाने किती जाणावे याची ही मर्यादा मला योग्य वाटते. शिवाय यात एक गोष्ट आपोआप साधते : विनंती, क्वेरी आणि उत्तर यांच्या वेळा कोणा एका पक्षाच्या सर्व्हरवर न राहता तटस्थ ठिकाणी नोंदल्या जातात.

नियामकाने या नोंदींवरून प्रत्येक कंपनीच्या आणि टीपीएच्या दर क्लेममागे किती क्वेरी पडल्या आणि पहिल्या विनंतीपासून अंतिम मंजुरीपर्यंत एकूण किती वेळ गेला, हे आकडे दर तिमाहीला जाहीर करावेत. क्वेरीच्या काळात घड्याळ थांबवायला हवे असे कंपन्यांना वाटत असेल, तर त्यांनी थांबवलेला वेळही वेगळ्या रकान्यात दाखवावा.