गच्चीवरचा लाल गुलाब: निवडीपासून फुलापर्यंत

लाल गुलाब घ्यायचा ठरला की नर्सरीत जाण्याआधी मी ऊन बघते. गुलाबाला रोज निदान पाच-सहा तास थेट ऊन हवं. पण ते कुठल्या वेळचं, हे लाल रंगाच्या बाबतीत जास्त महत्त्वाचं. गर्द पाकळी लवकर तापते आणि मार्च-एप्रिलच्या पुण्यातल्या उन्हात कडेने करपते. 'पापा मेयाँ' या जातीचं फूल काळपट लाल, मखमली, वासाला अप्रतिम. पण त्याला सकाळचं ऊन आणि दुपारनंतर सावली अशी पूर्वेकडची जागा द्यावी लागते. भुरी (पानांवरची पांढरी बुरशी) आणि काळे ठिपकेही त्याच्यावर चटकन येतात. दिवसभर तापणाऱ्या गच्चीवर मी 'ग्लॅडिएटर' लावते. रंग किंचित गुलाबीकडे झुकणारा, फूल मोठं, दांडा लांब आणि झाड दणकट. फुलवाल्याकडची मावळातल्या पॉलिहाउसची फुलं बघून तीच जात घरी लावायचा मोह अनेकांना होतो. त्या जाती लांब दांडा आणि टिकाऊपणा बघून निवडलेल्या असतात, वास बहुतेकींना नसतोच. बिनवासाचा गुलाब घरी का लावावा, हे मला तरी कळत नाही.

रोप हिवाळ्यात, फूल असताना घ्यावं, कारण नर्सरीतल्या चिठ्ठीवर फार विसंबता येत नाही. कळी सगळ्यांचीच लाल दिसते. उमलून दोन-तीन दिवस झालेलं फूल बघा. काही जाती शिळ्या झाल्या की जांभळट पडतात. मग कलमाचा सांधा बघायचा, म्हणजे जंगली गुलाबाच्या खुंटावर हवी ती जात बांधलेली असते ती जागा. सांध्याच्या वरून निघालेल्या, पेन्सिलीएवढ्या जाड दोन-तीन फांद्या हव्यात.

पिशवीतलं रोप बऱ्याचदा चिकट लाल मातीच्या घट्ट गोळ्यात असतं. तो गोळा तसाच कुंडीत ठेवला तर पाणी त्याच्या बाजूने निघून जातं, आतली मुळं कोरडी राहतात आणि वरून ओली दिसणाऱ्या कुंडीत रोप वाळतं. म्हणून पिशवी कापून गोळा अर्धा तास पाण्याच्या बादलीत ठेवते आणि बाहेरची माती बोटांनी हलकेच सैल करते. गोळा फोडायचा मात्र नाही, तंतुमुळं तुटतात. कुंडी 12 ते 14 इंची. दोन भाग लाल माती, एक भाग पूर्ण कुजलेलं शेणखत, एक भाग कोकोपीट, वर दोन मुठी निंबोळी पेंड आणि एक मूठ बोनमील. नुसती काळी माती पाणी धरून ठेवते, मुळं कुजतात. सांधा मातीच्या दोन इंच वर राहिला पाहिजे. सांध्याखालून फुटवा आला की तो खुंटाचा. कापू नये, मुळापासून ओढून काढावा, नाहीतर तिथूनच पुन्हा फुटतो. 'सात पानांचा तो जंगली' ही खूण दर वेळी खरी ठरत नाही. फुटवा कुठून निघालाय ते बघा.

वर्षाचं गणित ठरतं ते ऑक्टोबरच्या छाटणीवर. पाऊस पूर्ण थांबला की, दसरा-कोजागिरीच्या सुमारास, आठवडाभर पाणी कमी करते आणि मग कात्री लावते. आधी वाळलेल्या, आत वळलेल्या आणि काडीसारख्या बारीक फांद्या जातात. उरलेल्या चार-पाच जाड फांद्या फूट-दीड फुटावर, बाहेरच्या बाजूला तोंड असलेल्या डोळ्याच्या (फांदीवरच्या सुप्त कोंबाच्या) पाव इंच वर, तिरक्या कापायच्या. काप डोळ्याला खेटून घेतला तर डोळा सुकतो. फार वर घेतला तर वरचं खुंटूक वाळतं आणि ती मर खाली उतरत जाते. कापलेल्या तोंडाकडे नीट बघा. मधला गाभा तपकिरी दिसला तर पांढरा-हिरवा लागेपर्यंत खाली कापत यायचं, मग फांदी दोन डोळ्यांची उरली तरी चालेल. कापांना लगेच बोर्डो पेस्ट, म्हणजे बुरशी रोखणारा लेप: 100 ग्रॅम मोरचूद (कॉपर सल्फेट) आणि 100 ग्रॅम चुना वेगवेगळे अर्धा-अर्धा लिटर पाण्यात, प्लास्टिकच्या भांड्यात कालवून एकत्र करायचे. लोखंडाचं भांडं मोरचुदाने खाल्लं जातं. खाली पडलेलं एकूण एक पान उचलायचं, काळ्या ठिपक्यांची बुरशी त्यातच टिकते.

आठवड्याने वरची दोन इंच माती काढून तिथे शेणखत भरते आणि भरपूर पाणी देते. कोंब तांबूस निघतात. तो रोग नव्हे. फुटवे वीतभर झाले की दर पंधरा दिवसांनी 19:19:19 (नत्र, स्फुरद, पालाश सारखं असलेलं विद्राव्य खत), लिटरला 2 ग्रॅम, ओल्या मातीत. चहाचा चोथा घालायचाच असेल तर धुऊन घाला, नाहीतर साखरेला मुंग्या येतात. पहिलं फूल 45 दिवसांच्या आसपास. 14 फेब्रुवारीला हवं असेल तर डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात एखादं झाड हलकं छाटावं. थंडीत दिवस जास्त लागतात.

पाणी सकाळी आणि बुंध्याशी. पान सात-आठ तास ओलं राहिलं की काळे ठिपके रुजतात. पावसाळ्यात ते टळत नाही, तेव्हा मॅन्कोझेब हे बुरशीनाशक फवारायचं, लिटरला 2 ग्रॅम. थंडीतल्या भुरीला पाण्यात मिसळणारं गंधक, तेवढंच, पण कडक उन्हात नाही आणि कडुलिंबाचं तेल फवारल्यावर दोन आठवडे नाही, पानं भाजतात. उन्हाळ्यात कळी अर्धवट उमलून तपकिरी पडली तर ती पांढऱ्या कागदावर झटका. बारीक, लांबट किडे पळताना दिसले तर ते फुलकिडे. तशा कळ्या कापून पिशवीत बांधून टाकायच्या आणि संध्याकाळी कडुलिंबाचं तेल, लिटरला 5 मिली, थोड्या साबणपाण्यात फेटून फवारायचं.

फूल काढताना फांदीवर पाच पर्णिकांची निदान दोन पानं राहू द्यावीत. पुढची फूट त्यांच्याच बगलेतून येते.