बी समोर कापा

एप्रिलमध्ये गोव्याच्या सत्तरी तालुक्यात अवकाळी पाऊस पडून गेला की काजूबियांची खरेदी अवघड होते. ओली बी पोत्यात तापते, आत गराला बुरशी धरते आणि वरून काहीच कळत नाही. साधारण ४ किलो बियांतून १ किलो गर मिळतो; त्यातला थोडा जरी काळा निघाला तरी हिशेब बिघडतो.

आमच्या कारखान्यात खरेदी मी बघतो. त्या दिवशी वाळपईकडच्या एका गावातल्या काकी टेम्पो घेऊन आल्या. वाड्यावाड्यांतली, म्हणजे आसपासच्या वस्त्यांवरची, बी त्यांच्या दुकानात गोळा होते. पूर्वी त्या ज्या व्यापाऱ्याला माल द्यायच्या, तो नमुना आत नेऊन बाहेर फक्त खराब बीपोटी लावलेल्या कपातीचा आकडा सांगायचा. म्हणून आमच्याकडे यायच्या आधीच त्यांनी बजावलं होतं, बी समोर कापा. कपात कशी धरायची आणि भाव काय, हे आम्ही हंगामाआधी कागदावर घेतलं होतं.

नमुना कापला. बरेच गर सुरकुतलेले, काळपट. मालक म्हणाले, सगळ्या मालावर कपात लाव. काकींचा चेहरा उतरला, पण आवाज ठाम होता. "दादा, सगळ्या पोत्यांत असं नसणार. एकेक उघडून बघा."

दुपार जाणार होती. तरी उघडलीच, कारण त्या वेळी सरसकट कपात लावली असती तर मागच्या व्यापाऱ्यात आणि आमच्यात फरक काय उरला? खराब बी दोनच पोत्यांत निघाली. पोती बघताच काकींनी वाडा ओळखला. पावसाच्या रात्री तिथे बी अंगणात राहिली होती. "ही बाजूला काढा," त्या स्वतःच म्हणाल्या. बाकीच्या मालाला ठरलेलाच भाव दिला. बाजार तोवर उतरला होता, मालक थोडे कुरकुरले, पण पैसे त्याच दिवशी गेले.

पुढच्या खेपेपासून पोत्यांवर वाड्याचं नाव येऊ लागलं. ते आम्हाला फार मोलाचं आहे. २०२३ मध्ये गोव्याच्या काजूला भौगोलिक मानांकन मिळालं, आणि बाजारात आफ्रिकेची बी भरपूर आहे. आपली बी कुठली, हे सांगता यायलाच हवं.

खराब पोत्यांचं नुकसान कोणी सोसायचं, हे मात्र कागदावर नव्हतं. बरीच घासाघीस होऊन ते निम्मं-निम्मं झालं. यंदाच्या कागदावर ते कलम आहे, काकींनी सांगून लिहून घेतलेलं.