गिझरची कॉइल बदलण्याआधी केलेलं गणित

डिसेंबरात आई म्हणाली, "पाणी पूर्वीसारखं तापत नाही रे." आमचा गिझर पंधरा लिटरचा, २००० वॅटचा. मेकॅनिक आला आणि झाकण न उघडताच म्हणाला, "कॉइल गेलीय, बदलावी लागेल." मला ते पटेना. कॉइल तुटली तर पाणी तापणारच नाही, उशिरा कसं तापेल?

व्होल्टेजला करंटनं भागलं की रेझिस्टन्स, दोन्हींचा गुणाकार केला की वॅट, एवढं शाळेतलं पक्कं होतं. गिझरवर २३० व्होल्ट, २००० वॅट छापलंय. म्हणजे करंट ८.७ अँपिअर आणि रेझिस्टन्स साधारण २६.४ ओहम. कॉइलमध्ये खोट असेल तर हा ओहमचा आकडा हललेला दिसायला हवा.

पुण्यात बुधवार पेठेत तपकीर गल्लीतून क्लॅम्प मीटर आणला, म्हणजे वायरीभोवती चिमटा लावून करंट मोजणारा मीटर. गिझरच्या वायरीला लावला, तर शून्य! गिझरचा दिवा लागलेला, पाणी तापतंय आणि मीटर शून्यावर. त्या जाड वायरीच्या पोटात फेज आणि न्यूट्रल दोन्ही असतात. एकीतून करंट जातो, दुसरीतून परत येतो, म्हणून मीटरपुरते ते एकमेकांना खोडतात. चिमटा एकाच वायरीभोवती बसायला हवा, हे कळेपर्यंत अर्धी सकाळ गेली.

एकटी वायर मिळते ती पॅसेजमधल्या मेन बोर्डावर. उघड्या बोर्डात एकट्यानं हात घालायचा नाही, म्हणून खालच्या मजल्यावरच्या काकांना बोलावलं. त्यांची हयात वायरिंगमध्ये गेलेली. करंट भरला ७.९ अँपिअर. बाथरूमच्या बोर्डावर त्याच लाइनच्या सॉकेटमध्ये व्होल्टेज मोजलं, २१० व्होल्ट. २१० भागिले ७.९, म्हणजे २६.६ ओहम. कॉइल धडधाकट होती! गुणाकार मात्र १६५९ वॅट. वीस मिनिटांच्या पाण्याला पंचवीस लागत होती, ती यामुळे.

"मेनवर किती आहे बघ," काका म्हणाले. तिथे गिझर चालू असतानाही २२२. मधल्या आठ-दहा मीटरांत १२ व्होल्ट कुठे गेले? चांगल्या तांब्याच्या वायरीत एवढ्या अंतरात दोन-तीन जावेत. उरलेल्या नवांना ७.९ नं गुणलं आणि मी चरकलो. सत्तर वॅट, कुठल्यातरी एका जागी, नुसती उष्णता. कथील वितळवणारं साधं सोल्डरिंग आयर्न पंचवीस वॅटचं असतं.

काकांनी मेन बंद करून गिझरचा किटकॅट फ्यूज, म्हणजे चिनीमातीचा जुन्या पद्धतीचा फ्यूज, ओढला. पितळी पात काळी पडलेली, स्क्रू बोटानं फिरत होता, वायरीवरचं प्लास्टिक तपकिरी होऊन कडक झालं होतं. जळकट वास येत होता. आई रोज त्याच बोर्डाखालून देवघरात जाते.

फ्यूज काढून १६ अँपिअरचा एमसीबी (जास्त करंट गेला की आपोआप पडणारा स्विच) बसवला, वायरीची टोकं नव्यानं सोलली. आता बाथरूमला २१९ व्होल्ट, ८.२ अँपिअर, जवळजवळ १८०० वॅट, आणि ओहम पुन्हा तेवढेच. हे सरळ गणित गिझर, इस्त्री, हीटर अशा तापणाऱ्या वस्तूंनाच चालतं. फ्रिज किंवा पंपाला पॉवर फॅक्टर आडवा येतो, म्हणजे तिथे व्होल्ट आणि करंट एका तालात नसल्यानं नुसत्या गुणाकारातून खरे वॅट मिळत नाहीत.

त्या रात्री गिझर अर्धा तास चालू ठेवून बोर्डाजवळ उभा राहिलो. वास नव्हता.