आजींना दिसणाऱ्या हिरव्या लुगड्यातल्या बाया

लो-व्हिजनच्या ओपीडीत जे पेशंट माझ्याकडे येतात, त्यांच्या डोळ्यांवर आणखी इलाज करण्यासारखं सहसा फारसं उरलेलं नसतं. शिल्लक नजरेत रोजचे व्यवहार कसे निभवायचे ते शिकवायचं आणि खचलेल्या मनाला उभारी द्यायची, हे मानसशास्त्रज्ञ म्हणून माझं काम. सातारा जिल्ह्यातल्या एका गावातून मुलगा आणि सून त्या आजींना घेऊन आले ते मात्र वेगळ्याच काळजीने. सुनेने आधी दार लोटून घेतलं आणि दबक्या आवाजात म्हणाली, "मॅडम, आईंच्या डोक्यावर परिणाम झालाय. त्यांना घरात माणसं दिसतात."

आजी ऐंशीच्या पुढच्या. दोन्ही डोळ्यांच्या पडद्याचा मधला भाग, म्हणजे मॅक्युला, वयोमानाने खराब झालेला. कडेचं अंधुक दिसायचं, पण ज्याच्याकडे बघावं तेच नेमकं गायब. गावात देवऋषी करून झाला होता. मग कुणीतरी झोपेच्या गोळ्या दिल्या. आजी दिवसभर पेंगायच्या आणि माणसं यायची ती येतच होती.

मुलाला आणि सुनेला बाहेर बसवून मी आजींना विचारलं, काय दिसतं? बराच वेळ त्या बोलेनात. मग म्हणाल्या, "सांगितलं तर येरवड्याला न्हाई ना धाडणार?"

"नाही धाडणार, आजी. सांगा."

"बाया दिसत्यात. हिरवी लुगडी नेसल्याल्या, नाकात ह्या एवढाल्या नथी. उंबऱ्याशी हुब्या ऱ्हात्यात. कवा बारकी बारकी पोरं जात्यात हिकडनं तिकडं. कवा भितीवर नुसती जाळीगत नक्षी. पर शबूद न्हाई कुणाच्या तोंडातनं."

"खऱ्या वाटतात का त्या तुम्हाला?"

"खऱ्या कशा असतील? सूनबाईचं त्वांड दिसंना मला, आन ह्यांच्या नथीतलं मोती दिसत्यात. तवाच वळाखलं."

वर्षानुवर्षं पुस्तकात वाचलेलं लक्षण इतक्या नेमक्या शब्दांत मला कुणी सांगितलं नव्हतं. तरीही बाकीच्या शक्यता तपासायच्याच होत्या. वार, महिना, नातवंडांची नावं त्यांनी धडाधड सांगितली. एकादशी कधी आहे तेही सांगितलं. डेअरीत दुधाला फॅटप्रमाणे काय दर मिळतो याचा हिशोब तर मुलापेक्षा त्यांचाच पक्का होता. कानात आवाज येत नव्हते, कुणी जिवावर उठलंय असा संशय नव्हता. रक्ताच्या तपासण्या आणि चालू औषधं आमच्या फिजिशियननी पाहिली. सगळं बघून झाल्यावर निदान स्पष्ट होतं: चार्ल्स बॉने सिंड्रोम, म्हणजे डोकं ठणठणीत असताना केवळ नजर गेल्यामुळे नसलेल्या गोष्टी दिसणं.

आता खरं अवघड काम होतं, मुलाची समजूत घालायचं. "डोळे गेले तर कमी दिसायला पाहिजे मॅडम, जास्त कसं दिसेल?" हा त्याचा प्रश्न रास्तच होता. मी रेघांचा एक कागद घेतला. डावीकडे फुली काढली आणि तिच्यापासून साधारण ८ सेंटीमीटरवर उजवीकडे एक ठसठशीत ठिपका. "दादा, डावा डोळा झाका. उजव्या डोळ्याने फक्त फुलीकडे बघा आणि कागद हळूहळू जवळ आणा." कागद हातभर अंतरावरून पुढे आला आणि एका जागी तो थबकला. "ठिपका गेला!"

"तिथे काय दिसतंय?"

"काही नाही. नुसत्या रेघा."

मुद्दा तिथेच होता. डोळ्यातून मेंदूकडे जाणारी नस पडद्यातून जिथे बाहेर पडते, तिथे प्रकाश टिपणाऱ्या पेशीच नसतात. तिथे आपण सगळेच आंधळे असतो. पण त्या जागी आपल्याला भोक दिसत नाही, कारण आजूबाजूच्या रेघा मेंदू स्वतःच पुढे ओढून घेतो. डोळा मेंदूला फक्त संदेश पुरवतो, चित्र मेंदूच तयार करतो. आजींच्या डोळ्यांकडून मधल्या भागाचे संदेशच येईनासे झालेत, पण डोक्याच्या मागच्या बाजूचा पाहण्याचा भाग शाबूत आहे. पुरवठा तुटला म्हणून तो गप्प बसत नाही. उलट त्याच्या पेशी आपण होऊन चेतवल्या जातात. पाय कापलेल्या माणसाला नसलेल्या पायाची बोटं दुखतात, त्याच जातीची ही गोष्ट. १९९८ साली लंडनमध्ये डॉमिनिक फिच यांच्या गटाने अशा पेशंटच्या मेंदूचं स्कॅनिंग केलं. ज्यांना रंग दिसत त्यांच्या मेंदूतला रंगांचा भाग, ज्यांना चेहरे दिसत त्यांच्यातला चेहरे ओळखणारा भाग खरोखरच काम करताना सापडला. म्हणजे आजी काही कल्पना करत नव्हत्या. त्यांना दिसतच होतं.

चार्ल्स बॉने हे जिनिव्हाचे निसर्गअभ्यासक. त्यांच्या आजोबांची मोतीबिंदूने नजर गेली होती आणि त्यांनाही माणसं, पक्षी, इमारती दिसत. बॉने यांनी ते १७६० साली लिहून ठेवलं. मी हे आजींना सांगितलं तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, "त्या म्हाताऱ्याला कुनी याडा न्हाई म्हनलं?" नाही, म्हटलं, नातवाने विश्वास ठेवला.

याला खात्रीचं औषध नाही. बऱ्याच जणांना असं नसलेलं दिसणं काळाने कमी होतं, काहींचं वर्षानुवर्षं टिकतं. तेही मी स्पष्ट सांगितलं. बाया आल्या की मान न हलवता नजर डावीकडून उजवीकडे झपझप फिरवायची, दिवा लावायचा, उठून दुसऱ्या खोलीत जायचं. संध्याकाळी अंधुक उजेडात एकटं बसायचं नाही. झोपेच्या गोळ्या डॉक्टरांनी हळूहळू कमी करत बंद केल्या. पुढच्या भेटीत आजी ताठ बसल्या होत्या. बाया अजून येतात, पण त्यांना बघून आता दचकायला होत नाही म्हणाल्या. सून आता हळू बोलत नव्हती. कोणत्या रंगाचं लुगडं होतं तेसुद्धा ती आजींना विचारते.

नजर अधू झालेल्या प्रत्येकाला मी हे आपणहून विचारते, कारण वेडं ठरवतील या भीतीने माणसं तोंड उघडत नाहीत. "भास होतात का?" असं विचारलं की उत्तर ठरलेलं, नाही. म्हणून आधी सांगायचं की नजर कमी झालेल्या पुष्कळ जणांना नसलेली माणसं किंवा नक्षी दिसते, डोकं ठणठणीत असतानाही. मग विचारायचं, तुम्हाला दिसतं का? आणि हे सोबत आलेल्या मुला-सुनेच्या देखत न विचारता, पेशंट एकटा असताना विचारायचं.