डोलकाठीच्या टोकापर्यंत: बोटीवरच्या रेडिओचं काम कुठवर आलं

बोट 10 मीटरची, डोलकाठीचं टोक पाण्यापासून 13 मीटरवर. पावसाळा सरल्यावर रत्नागिरीहून लक्षद्वीपकडे निघायचं, तर किनारा मागे पडल्यावरही आवाज पोचला पाहिजे. व्हीएचएफ (जवळच्या पल्ल्याचा रेडिओ) पूर्ण झालाय, एसएसबी (लांब पल्ल्याचा) निम्मा.

व्हीएचएफ नजरेच्या रेषेत चालतो. अँटेनाच्या उंचीचं मीटरमधलं वर्गमूळ काढून 2.2 ने गुणायचं: 13 मीटरला जेमतेम 8 सागरी मैल. समोरच्या बोटीची काठी तेवढीच असेल तर 16. जयगडच्या खाडीत सड्याच्या आड नांगर टाकला की हे गणितही बाद. तिथे उत्तर आलं नाही म्हणून सेट खोलून बसू नये.

सेट 25 वॉटचा, केबल 18 मीटर. बारीक आरजी-58 केबल टाकली तर वर साधारण 11 वॉट पोचतात, जाड आरजी-213 टाकली तर 17 च्या आसपास. जाड केबलीचं वजन पावणेतीन किलो भरतं, पण इथे काटकसर नको.

खरी खोड जोडात असते. केबलीच्या टोकाला पीएल-259 हा कनेक्टर सोल्डर करताना 25 वॉटचं सोल्डरिंग आयर्न पुरत नाही. केबलीतली तारांची जाळी तापेपर्यंत आतलं प्लास्टिक वितळतं आणि मधली तार सरकून जाळीला टेकते. 80-100 वॉटचं घ्या, जाळीला आधी कथील चढवा, मग झटपट जोडा. वरच्या जोडावर स्वतःलाच चिकटणारी रबरी टेप दुप्पट ताणून खालून वर गुंडाळायची, म्हणजे प्रत्येक वेढा खालच्यावर कौलासारखा बसतो. वरून खाली गुंडाळली तर प्रत्येक पदर पन्हळ होतो आणि खारं पाणी केबलीत झिरपतं. उन्हासाठी वर काळी टेप. जुनी केबल कापून जाळी काळी किंवा हिरवी दिसली तर तुकडा कापून भागवू नका, पूर्ण बदला.

मल्टिमीटरने केबल तपासताना अँटेना काढून ठेवा. बऱ्याच अँटेनांत आतलं वेटोळं जाळीला जोडलेलं असतं, त्यामुळे सगळं ठीक असूनही शॉर्ट दिसतो. एसडब्ल्यूआर (अँटेनाकडून किती शक्ती परत फिरते त्याचं माप) 1.5 च्या आत असला की पुरे.

डीएससीसाठी, म्हणजे बटण दाबून संकटाचा संदेश आपोआप पाठवण्याच्या सोयीसाठी, 419 ने सुरू होणारा नऊ अंकी एमएमएसआय (बोटीचा रेडिओ-ओळखक्रमांक) परवान्यासोबत मिळतो. भरताना दोघांनी वाचून भरावा. बहुतेक सेट एकदोनदाच भरू देतात, मग कंपनीकडेच पाठवावा लागतो. सेटच्या आत जीपीएस नसेल आणि बाहेरच्या जीपीएसची तार जोडलेली नसेल तर लाल बटण दाबलं तरी बोट कुठे आहे ते आपोआप जात नाही.

आता एसएसबी. आपल्याकडे परवानगीशिवाय उपग्रह फोन बाळगता येत नाही, त्यामुळे लांबच्या पल्ल्याला याचं मोल जास्त. मागचा ताण, म्हणजे काठीच्या टोकापासून बोटीच्या मागच्या टोकाला येणारी तार (बॅकस्टे), हाच अँटेना. ट्यूनरच्या (अँटेना लहरीशी जुळवणाऱ्या पेटीच्या) टोकापासून वरच्या इन्सुलेटरपर्यंत (तार विजेपुरती तोडणाऱ्या तुकड्यापर्यंत) 10.3 मीटर ठेवलंय. 12290 किलोहर्ट्झच्या लहरीची अर्धी लांबी 12.2 मीटर, 16420 ची 9.1, त्यांच्या जवळ गेलं की ट्यूनर घुटमळतो. खालचा इन्सुलेटर डेकपासून दोन मीटरच्या वर, कारण बोलताना त्या तारेला हात लागला तर भाजतं. दिवसा 8 आणि 12 मेगाहर्ट्झ, रात्री 4 आणि 6.

बोलताना सेट 25 अँपिअरपर्यंत ओढतो. बॅटरी पाच मीटरवर आहे, म्हणून 10 चौरस मिलिमीटरची कथील चढवलेली तार. घट अर्ध्या व्होल्टच्या आत राहते. बारीक तारेवर ऐकू येतं छान, पण बोलायला लागलं की सेट बंद पडतो, आणि दोष बॅटरीला दिला जातो.

बाकी: एसएसबीच्या अर्थिंगसाठी 75 मिलिमीटर रुंद तांब्याची पट्टी कीलच्या (बोटीच्या तळाच्या वजनदार कण्याच्या) बोल्टापर्यंत, मधे कपॅसिटर, नाहीतर गंज धातू खाईल. आणि मागच्या कठड्यावर एक जादा व्हीएचएफ अँटेना, केबलसकट. काठी मोडली तर वरचा गेलाच.